पेप्टाइड थेरपी सुचवली आहे? आधी गॅलियम स्कॅन समोर ठेवा

‘न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर’ हे नाव आपल्याकडे अनेकांच्या कानावर पहिल्यांदा पडलं ते मार्च २०१८ मध्ये, इरफान खान यांनी आपल्या आजाराबद्दल जाहीरपणे लिहिलं तेव्हा. बाकीच्यांना ते थेट बायोप्सीच्या रिपोर्टवर भेटतं. ‘कॅन्सर आहे, पण हळू वाढणारा आहे’ असं डॉक्टर सांगतात. घरच्यांना त्यातलं ‘पण’ ऐकून बरं वाटावं की ‘कॅन्सर’ ऐकून घाबरावं, हे कळत नाही. पुढे गाठी यकृतात पसरल्याचं दिसलं, महिन्याचं इंजेक्शन पुरेनासं झालं, की ‘पीआरआरटी’ (पेप्टाइड रिसेप्टर रेडिओन्यूक्लाइड थेरपी) किंवा ‘ल्युटेशियम थेरपी’ हे शब्द येतात. त्या रात्री घरातलं कुणीतरी मोबाइल घेऊन बसतं आणि वाचतं, की यात पेप्टाइड औषधाला थेट कॅन्सरच्या पेशीत नेऊन सोडतं.

हे खरं आहे, पण अर्धंच. पेप्टाइड औषध नेतं ते फक्त अशा पेशीत, जिच्या अंगावर त्याला धरायला जागा असते. तुमच्या गाठींवर ती जागा आहे का, हे उपचाराआधी डोळ्यांनी पाहता येतं. कॅन्सरच्या फार थोड्या उपचारांत ही सोय असते. म्हणून पहिला सल्ला हाच, की ते पाहिल्याशिवाय तारीख घेऊ नका.

यामागची गोष्ट थोडी समजून घेतली तर पुढचे प्रश्न विचारायला सोपे जातात. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. आपल्या शरीरात सोमॅटोस्टॅटिन नावाचं असं एक पेप्टाइड असतं. त्यात १४ अमिनो आम्लं असतात आणि इतर हार्मोनना आवर घालणं हे त्याचं काम. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेनं ते शोधून काढलं. औषध म्हणून मात्र ते कुचकामी होतं, कारण रक्तात दोन-तीन मिनिटांतच त्याचे तुकडे होतात. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी ही साखळी आठ अमिनो आम्लांवर आणली. त्यातली दोन आम्लं त्यांनी आरशातल्या प्रतिमेसारखी उलट्या रूपात बसवली, त्यामुळे शरीरातल्या एन्झाइमना ती सहजी तोडता येईनात. हे ऑक्ट्रिओटाइड. चेहरा लाल होऊन गरम वाफा येणं, दिवसभर जुलाब होणं या त्रासांसाठी दर २८ दिवसांनी जे इंजेक्शन घेतात, त्यात बहुतेक वेळा हेच असतं किंवा त्याचं भावंड लॅनरिओटाइड. म्हणजे पेप्टाइड थेरपी सुचवलेल्या बऱ्याच रुग्णांच्या शरीरात हे पेप्टाइड आधीपासूनच जात असतं. नवीन असतं ते त्याच्या पाठीवरचं ओझं.

ओझं बांधण्यासाठी पेप्टाइडला डोटा नावाचा एक रेणू जोडतात. तो धातूचा अणू घट्ट धरून ठेवतो. त्यात गॅलियम-६८ बसवला की स्कॅन होतो, ल्युटेशियम-१७७ बसवला की उपचार होतो. पेप्टाइड दोन्ही वेळा त्याच घराण्यातलं आणि ते जाऊन चिकटतंही त्याच जागी. गवतातून चालताना कुसळं धोतराला चिकटतात, चपलेला नाही. तसं हे पेप्टाइड सोमॅटोस्टॅटिनचा रिसेप्टर, त्यातही मुख्यतः दोन नंबरचा प्रकार, ज्या पेशीवर असेल तिलाच धरतं. न्यूरोएंडोक्राइन गाठींच्या पेशींवर हे रिसेप्टर बहुधा भरपूर असतात. पेप्टाइड चिकटलं की पेशी त्या रिसेप्टरला आत ओढून घेते आणि त्याच्यासोबत ल्युटेशियमही आत जातं. त्यातून निघणारे बीटा कण ऊतींमध्ये जास्तीत जास्त दोनेक मिलिमीटर जातात. एवढं अंतर म्हणजे कितीतरी पेशी, त्यामुळे शेजारच्या पेशीवर रिसेप्टर कमी असले तरी तिला थोडा मार बसतोच. दूरचे अवयव त्यातून बऱ्याच अंशी वाचतात. पूर्ण वाचत नाहीत, त्याबद्दल पुढे.

आता स्कॅन. अनेक रुग्णांच्या फायलीत पेट स्कॅन असतो, पण तो साध्या एफडीजीचा, म्हणजे किरणोत्सारी साखरेचा. हळू वाढणारी न्यूरोएंडोक्राइन गाठ साखर फारशी खात नाही, म्हणून त्या स्कॅनवर ती फिकी दिसते किंवा दिसतच नाही. ‘पेट झालाय, अजून कशाला खर्च?’ हा प्रश्न घरात येतोच, आणि पैशाच्या दृष्टीनं तो रास्तही आहे. पण पीआरआरटीसाठी लागतो तो गॅलियम-६८ डोटाटेट, डोटानॉक किंवा डोटाटॉक पेट. रिपोर्टच्या मथळ्यात यातलं एक नाव आहे का, हे आधी बघा.

रिपोर्टमध्ये ‘क्रेनिंग स्कोअर’ शोधा. रॉटरडॅमच्या एरिक क्रेनिंग यांच्या नावानं ही शून्य ते चारची मोजपट्टी ओळखली जाते. निरोगी यकृतही हे पेप्टाइड थोडंफार घेतं, म्हणून तुलना त्याच्याशी करतात. गाठ यकृतापेक्षा ठळक उजळली तर तीन आणि प्लीहेपेक्षाही जास्त उजळली तर चार. तीन किंवा चार असेल तर पेप्टाइडला धरायला जागा आहे. दोन किंवा कमी असेल तर ल्युटेशियम गाठीत पुरेसं पोचणार नाही, मग त्याचे किरण कितीही प्रभावी असोत. स्कोअर लिहिलेला नसेल तर न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. त्यांना यात वावगं काही वाटत नाही.

खरी मेख याच्या पुढे आहे. एकच गाठ उजळून भागत नाही, सगळ्या गाठी उजळल्या का, हे महत्त्वाचं. यकृतात दहा ठिकाणी आजार आहे आणि त्यातल्या आठच जागा गॅलियम स्कॅनवर दिसतात, असं असेल तर उरलेल्या दोन कोणत्या आणि त्या किती वेगानं वाढताहेत, हे कळायलाच हवं. इथं तो एफडीजी स्कॅन कामी येतो. जी गाठ साखर खाते पण पेप्टाइड घेत नाही, ती सहसा जास्त आक्रमक असते आणि नेमकी तीच पीआरआरटीच्या हाताबाहेर राहते. म्हणून दोन्ही स्कॅन शेजारी ठेवून बघणं कधी कधी चैन नसते, गरज असते. बायोप्सीवरचा केआय-६७ आकडा, म्हणजे पेशी किती वेगानं वाढताहेत याचं माप, याची पहिली खूण देतो. तो तीन टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ग्रेड एक, तीन ते वीस टक्के असेल तर ग्रेड दोन, आणि वीसच्या वर असेल तर ग्रेड तीन. आकडा वरच्या बाजूला असेल तर दोन्ही स्कॅनचा आग्रह धरण्यात गैर काहीच नाही. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘एफडीजीवर दिसणारी पण गॅलियमवर न दिसणारी एखादी गाठ आहे का?’ या एका प्रश्नाच्या उत्तरातून पुढच्या वर्षाचा बराचसा अंदाज येतो.

स्कॅनच्या दिवशी दोन गोष्टी सांभाळा. महिन्याचं ऑक्ट्रिओटाइड इंजेक्शन सुरू असेल तर शेवटचं कधी घेतलं ते अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. औषधातलं पेप्टाइड आणि स्कॅनचं पेप्टाइड एकाच जागेसाठी झगडतात, म्हणून शक्यतो पुढचं इंजेक्शन घेण्याच्या थोडं आधी स्कॅन करतात. दुसरं, वेळेवर पोचा. गॅलियम-६८चं अर्धायुष्य ६८ मिनिटांचं. तास-सव्वा तास उशीर झाला तर तुमच्यासाठी बनवलेला डोस निम्मा झालेला असतो, आणि तो ठेवून देता येत नाही.

जाता जाता एक सूचना, जिच्यामुळे बऱ्याच घरांतला विनाकारण घोर टळेल. या आजारात क्रोमोग्रॅनिन-ए नावाची रक्ताची तपासणी वारंवार होते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल यांसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्यांमुळे हा आकडा खोटा वाढतो. आपल्याकडे या गोळ्या चहाआधी घेण्याची सवयच झाली आहे, आणि डॉक्टरांनी ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारलं तर त्या कुणाच्या लक्षातही येत नाहीत. तपासणीआधी त्या किती दिवस थांबवायच्या आणि थांबवणं तुम्हाला झेपेल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

उपचाराचा नेहमीचा आराखडा असा: ल्युटेशियम-१७७ डोटाटेटचे चार डोस, दोन डोसांमध्ये आठ आठवड्यांचं अंतर, प्रत्येक डोस २०० मिलिक्युरीचा. लांब पल्ल्याचं ऑक्ट्रिओटाइड डोसच्या किमान चार आठवडे आधी थांबवतात. मधल्या काळात जुलाब असह्य झाले तर कमी वेळ टिकणारं इंजेक्शन देतात आणि तेही डोसच्या २४ तास आधी बंद करतात. ही आखणी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. कर्करोगतज्ज्ञ एका रुग्णालयात आणि न्यूक्लिअर मेडिसिन दुसऱ्या, असं असेल तर गोंधळ हमखास इथंच होतो. एक जण इंजेक्शन देऊन मोकळा होतो आणि दुसऱ्याला डोस पुढे ढकलावा लागतो.

डोस पुढे ढकलणं महागात पडतं, कारण औषध कपाटात राहत नाही. ल्युटेशियम-१७७चं अर्धायुष्य सुमारे साडेसहा दिवसांचं आहे. आपल्याकडे ते ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं आणि अणुऊर्जा विभागाची ‘ब्रिट’ ही संस्था ते रुग्णालयांना पुरवते. परळला टाटा मेमोरियलच्या ॲनेक्स इमारतीत भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. हा उपचार तिथं अनेक वर्षांपासून होतो आहे, त्यामुळे महाराष्ट्रातल्या रुग्णाला त्यासाठी परदेशाकडे डोळे लावून बसायची गरज नाही. मात्र तुमच्या नावानं मागवलेला डोस ठरलेल्या तारखेचा असतो. ताप आला, रक्ताच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी निघाल्या, तर त्याच दिवशी फोन करा. ‘उद्या गेल्यावर सांगू’ असं करू नका.

डोसच्या दिवशी रुग्णाला जो त्रास होतो तो बहुतेक वेळा ल्युटेशियमचा नसतो, अमिनो आम्लांच्या सलाइनचा असतो. हे आधी माहीत नसलं तर घरचे घाबरतात. पेप्टाइड आकारानं लहान असल्यामुळे किडनीतून गाळलं जातं. पण किडनीच्या नळ्या ते लघवीबरोबर जाऊ देण्याऐवजी परत शोषून घेतात आणि किरणोत्सारी ल्युटेशियम तिथंच ठाण मांडतं. हे टाळण्यासाठी लायसिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्लं शिरेतून देतात. नळ्या ती शोषण्यात गुंतून पडतात आणि पेप्टाइड बाहेर जातं. ही सलाइन डोसच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि डोसनंतरही निदान तीन तास चालते. तिनं मळमळतं, उलट्या होतात. उलटी थांबवणारं औषध सलाइन सुरू होण्यापूर्वीच दिलं जातं ना, हे विचारून घ्या. काही ठिकाणी पोषणासाठीची तयार अमिनो आम्लांची बाटली वापरतात. तिच्यात इतरही आम्लं असल्यामुळे मळमळ जास्त होते. कोणती बाटली लावणार, हे विचारण्यात संकोच नको. रुग्णाला किडनीचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या अशा गोळ्या चालू असतील, ज्यांनी पोटॅशियम वाढतं, तर तेही आवर्जून सांगा, कारण या सलाइननंही पोटॅशियम वाढू शकतं.

मुख्य औषध मात्र अर्ध्या तासात आत जातं. ते जाताना फारसं काही जाणवत नाही. हार्मोन तयार करणाऱ्या गाठी असतील तर डोसनंतर एकाएकी चेहरा लाल होणं, जुलाब, रक्तदाब खाली जाणं असं होऊ शकतं. हे सहसा पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवसांत दिसतं. घरी गेल्यावर यातलं काही झालं तर ‘औषधाचा परिणाम असेल, उतरेल’ म्हणून बसू नका. रात्री-अपरात्री कोणत्या नंबरवर फोन करायचा, तो घरी निघण्याआधीच लिहून घ्या.

किरणांच्या भीतीनं घरात दोन टोकं दिसतात. काही जण रुग्णाला आठवडाभर माळ्यावर ठेवतात, तर काही जण नातवंडाला त्याच संध्याकाळी मांडीवर देतात. दोन्ही नको. औषधाचा मोठा भाग पहिल्या दोन दिवसांत लघवीवाटे निघून जातो, म्हणून खरी काळजी संडासात घ्यायची. पाणी भरपूर प्या. पुरुषांनीही बसूनच लघवी करावी, दोनदा फ्लश करावं, हात साबणानं नीट धुवावेत, लघवी सांडली तर हातमोजे घालून पुसावी. म्हाताऱ्या माणसाला लघवीवर ताबा नसेल तर ही गोष्ट लाजेखातर लपवू नका. रुग्णालय कॅथेटर किंवा डायपरची व्यवस्था आणि त्यांची विल्हेवाट आधीच ठरवू शकतं. घरात एकच संडास आहे, पाण्याची टंचाई आहे, चाळीत सार्वजनिक संडास वापरावा लागतो, हेही सांगायला हवं. अशा रुग्णाला रुग्णालयात थोडं जास्त ठेवता येईल का, हे त्यावर ठरू शकतं. लहान मुलं आणि गर्भवती यांच्यापासून अंतर किती दिवस ठेवायचं, हे तुमच्या शरीरातून मोजलेल्या किरणांवर अवलंबून असतं. तो आकडा रुग्णालयाकडूनच घ्या, शेजाऱ्याकडून नको. डिस्चार्जबरोबर किरणोत्सारी औषध दिल्याचं पत्र मागा. विमानतळावरची किरणशोधक यंत्रं पुढचे काही आठवडे तुमच्यामुळे वाजू शकतात.

मूल होण्याच्या वयातल्या जोडप्यांसाठी: शेवटच्या डोसनंतर स्त्रियांनी सात महिने आणि पुरुषांनी चार महिने गर्भधारणा टाळायची असते. अंगावर पाजणाऱ्या आईला उपचाराआधीच स्तनपान थांबवावं लागतं.

आता अपेक्षेचं बोलू. ‘थेट कॅन्सरच्या पेशीत औषध’ म्हटलं की गाठ विरघळून जाईल असं चित्र डोळ्यांसमोर येतं. या उपचाराची मोठी चाचणी म्हणजे नेटर-१. तिचे निष्कर्ष जानेवारी २०१७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले. मध्य आतड्याच्या गाठी असलेले २२९ रुग्ण त्यात होते. एका गटाला ल्युटेशियम डोटाटेट, दुसऱ्याला ऑक्ट्रिओटाइडचा दुप्पट डोस. २० महिन्यांनंतर आजार न वाढता राहिलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६५.२ टक्के होतं, दुसऱ्यात १०.८ टक्के. हा फरक प्रचंड आहे. पण ठरावीक निकषांइतकी गाठ लहान झाली ती फक्त १८ टक्क्यांची. पुढे आयुर्मानाचा हिशेब झाला तेव्हा मध्यक ४८ महिने विरुद्ध ३६.३ महिने असा निघाला आणि तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. तुलनेच्या गटातल्या अनेकांनी नंतर हाच उपचार घेतला होता, हे त्यामागचं एक कारण. म्हणून चार डोसांनंतरच्या स्कॅनवर ‘गाठीत बदल नाही’ असं वाचलं तर तो पराभव समजू नका. या आजारात थोपवून धरणं हाच बहुतेक वेळा विजय असतो, आणि सोबत जुलाब कमी झाले, वजन सावरलं, तर रुग्णाच्या दृष्टीनं ते स्कॅनपेक्षाही मोठं असतं.

किंमतही मोजावी लागते. रक्तपेशी कमी होतात, त्यातही लिम्फोसाइट जवळपास सगळ्यांच्या. प्रत्येक डोसआधी रक्त, किडनी आणि यकृताच्या तपासण्या असतात, त्या चुकवू नका. दोनेक टक्के रुग्णांत पुढे अस्थिमज्जेचा गंभीर विकार उद्भवल्याचं नेटर-१च्या पाठपुराव्यात दिसलं. डोस संपल्यावरही काही वर्षं रक्त तपासत राहायचं ते यासाठी.

पेप्टाइडला ल्युटेशियमऐवजी केमोचं औषध बांधलं तर? ही कल्पना जुनी आहे आणि ऐकायला जास्त सोपी वाटते. गिलेमिन यांच्यासोबत १९७७चं नोबेल वाटून घेतलेले अँड्र्यू शॅली यांच्या प्रयोगशाळेत एका हार्मोन-पेप्टाइडला डॉक्सोरुबिसिन जोडलं गेलं. झॉप्टारेलिन डॉक्सोरुबिसिन नावाचं हे औषध गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरवर तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं आणि २०१७ मध्ये साध्या डॉक्सोरुबिसिनपेक्षा सरस ठरलं नाही. रक्ताच्या कॅन्सरसाठीचं मेलफ्लुफेन हे पेप्टाइडशी जोडलेलं औषध २०२१ मध्ये अमेरिकेत घाईनं मंजूर झालं. पुढच्या चाचणीत रुग्णांच्या आयुर्मानाबद्दल चिंता निर्माण झाली आणि २०२४ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनानं मंजुरी काढून घेतली. पेप्टाइड जोडलं म्हणजे औषध नेमकं झालं, असं नाही. ल्युटेशियम डोटाटेट टिकलं, त्याचं एक मोठं कारण मला असं वाटतं, की त्यात कोणाला उपचार द्यायचा आणि कोणाला नाही, हे स्कॅन आधीच सांगतो.

हीच कसोटी बाकीच्या जाहिरातींना लावा. कुणी ‘कॅन्सरवरचं पेप्टाइड’ म्हणून कुपी, पावडर किंवा थेंब देत असेल तर विचारा: हे माझ्या गाठीवर कशाला चिकटतं, आणि ते माझ्या गाठीवर आहे हे तुम्ही कोणत्या तपासणीत पाहिलं? उत्तर नसेल तर पाकीट खिशात ठेवा. पोटातून घ्यायचं असेल तर आणखी एक शंका काढा. अशी साखळी पोटात बहुधा डाळीतल्या प्रोटीनसारखी तुटते, आणि तुटली नाही तरी रक्तात फारशी शोषली जात नाही, म्हणून डोटाटेटही शिरेतूनच द्यावं लागतं.

चार डोस झाल्यावर काही वर्षांनी आजार पुन्हा वाढला आणि गॅलियम स्कॅनवर गाठी अजूनही उजळत असतील, तर किडनी आणि रक्ताची स्थिती पाहून पुन्हा एक-दोन डोस देता येतात. ल्युटेशियमला दाद न देणाऱ्यांसाठी त्याच पेप्टाइडवर ॲक्टिनियम-२२५ बसवून दिल्लीच्या एम्सनं काम केलं आहे. त्याचे अल्फा कण बीटापेक्षा खूपच कमी अंतर जातात आणि तेवढ्यात जास्त मारा करतात. पण हा उपचार सर्रास मिळणारा नाही. तो कुणी सुचवला तर चाचणीचा भाग म्हणून की चाचणीबाहेर, हे विचारा आणि संमतीपत्र मराठीत मागा. त्यासाठीही आधी नव्यानं गॅलियम स्कॅन लागतो, कारण दोन-तीन वर्षांत गाठ आपले रिसेप्टर गमावू शकते आणि जुन्या फायलीतला स्कोअर तोवर शिळा झालेला असतो.